आमचं कुळागर जंगल की शेत? भारत आणि पोर्तुगालची जमीन मोजताना

गेल्या चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना भाच्याने विषय काढला. तो गेली काही वर्षं लिस्बनला असतो. स्टुलावर उभा राहून सुपारीचा घोस बांधता बांधता म्हणाला, "मामा, पोर्तुगालात किती गोवे बसतील, सांग बघू?"

मी म्हटलं, शंभर तरी. खोबरं किसत बसलेली माझी बहीण म्हणाली, "शंभर कसले, हजार. नाहीतर साडेचारशे वर्षं इथे राज्य कसं केलं असतं त्यांनी?"

उत्तर आहे पंचवीस. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. पोर्तुगालचं, अझोर आणि मदैरा ही अटलांटिकमधली बेटं धरून, सुमारे ९२,२०० चौरस किलोमीटर. भागाकार करून बघा. एकटा महाराष्ट्र (३,०७,७१३ चौ. किमी) तीन पोर्तुगाल गिळून वर ढेकर देईल, आणि अख्ख्या भारतात पस्तीस पोर्तुगाल मावतात. आपल्याकडे आकाराने त्याच्या सर्वांत जवळचं राज्य बिहार, ९४,१६३ चौ. किमी. पण २०११ च्या जनगणनेत बिहारात १० कोटींवर माणसं होती आणि २०२१ च्या जनगणनेत पोर्तुगालात १ कोटी ३ लाखांच्या आसपास. तेवढीच जमीन, माणसं दसपट.

माझा शंभराचा अंदाज इतका का फसला? साम्राज्याचा दबदबा हे एक कारण झालंच. दुसरं कारण भिंतीवरचा नकाशा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना कुठेतरी ताण पडतोच, आणि नेहमीच्या चौकोनी नकाशात विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका देश फुगत जातो. गोवा १५ अक्षांशावर, पोर्तुगाल ३९-४० च्या आसपास. या फरकामुळे त्या नकाशात गोव्याच्या तुलनेत पोर्तुगाल खऱ्यापेक्षा दीडपटीहून मोठा दिसतो. नकाशावर टिचकी मारून मोजाल तर पंचवीसच्या जागी एकोणचाळीस गोवे भरतील.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरी गंमत त्या जमिनीवर काय आहे हे विचारल्यावर सुरू होते. भाच्याने फोनवर एक तक्ता काढला: जंगल इतके टक्के, शेती इतके टक्के. एका रांगेत भारत, दुसऱ्या रांगेत पोर्तुगाल. मग त्याने दुसरा तक्ता उघडला आणि तेच देश, तीच शीर्षकं, पण आकडे वेगळे. "यातलं खरं कुठलं?" दोन्ही खरे. कसे ते सांगतो, पण त्यासाठी आधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल: भारत मुळात केवढा?

शाळेत घोकलेला आकडा ३२,८७,२६३ चौ. किमी. यात आपण आपला मानतो तो सगळा प्रदेश येतो. पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यात असलेला १,२०,८४९ चौ. किमी भागही. तिथे आपला तलाठी जाऊ शकत नाही. म्हणून कृषी खात्याच्या जमीन-वापराच्या आकडेवारीत साधारण ३०.७ कोटी हेक्टर, म्हणजे ३०.७ लाख चौ. किमी एवढ्याच जमिनीचा हिशेब सापडतो. आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना देशांची तुलना करते तेव्हा नद्या, तळी, धरणांचं पाणी वजा करून 'कोरडी जमीन' धरते. तिच्या हिशेबात भारत २९,७३,१९० चौ. किमी. एकाच देशाचे तीन आकार, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

आता या आकारांचा टक्क्यांवर काय परिणाम होतो ते बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातलं वनाच्छादन ७,१३,७८९ चौ. किमी. याला पूर्ण भौगोलिक क्षेत्राने भागलं की २१.७ टक्के येतात. तोच आकडा कोरड्या जमिनीने भागा, २४ टक्के. एकही झाड न लावता जंगल सव्वादोन टक्क्यांनी वाढलं! पोर्तुगालात हा घोळ होत नाही, कारण तिथे पाणी वजा करून फारसं काही कमी होत नाही. म्हणून तक्ता बघताना आधी खालची बारीक अक्षरं वाचावीत.

टक्केवारी बाजूला ठेवून दरडोई हिशेब केला तर गोवेकराला तो पटकन कळतो, कारण आपण जमीन चौरस मीटरमध्ये मोजतो. माझी कोल्हापूरची मावसबहीण 'पाच गुंठे' म्हणते तेव्हा मला मनातल्या मनात पाचशे मीटर करून घ्यावे लागतात. मीटरची सवय आपल्याला पोर्तुगालमुळेच. त्यांनी ही पद्धत १८५२ मध्येच कायद्याने स्वीकारली होती. तर १४० कोटी माणसांत भारत वाटला तर डोक्यामागे सुमारे २,३०० चौरस मीटर येतात. पोर्तुगालात ८,९००. गोव्यात, २०११ ची १४ लाख ५८ हजार लोकसंख्या धरून, २,५०० च्या आसपास. आज त्याहून कमीच.

जवळजवळ चौपट फरक. पण सगळी जमीन नांगराखाली येत नाही. भारतात पेरणीखालचं निव्वळ क्षेत्र साधारण १४ कोटी हेक्टर आहे, म्हणजे डोक्यामागे हजार चौरस मीटर. पोर्तुगालात २०१९ च्या कृषी गणनेत शेतीची एकूण जमीन ३९.६ लाख हेक्टर निघाली, पण त्यातली निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, कायमची कुरणं. उरलेली नांगरट आणि ऑलिव्ह, द्राक्षं, फळबागा मिळून डोक्यामागे १,८०० चौरस मीटरच्या थोडं वर. चौपट होतं ते दुपटीच्याही आत आलं. त्यांच्या देशात खडक, उतार आणि कोरडा उन्हाळा बराच; आपल्याकडे गंगेचं मैदान आहे.

अजून एक गोष्ट. आपल्या हजार मीटरांत वर्षातून एकदाच पीक येतं असं नाही. आपल्याकडे पावसाळी भात कापल्यावर पाणी असेल तिथे वायंगण करतात, तेव्हा तीच जमीन दुसऱ्यांदा मोजली जाते. निव्वळ पेरणी क्षेत्रात ती एकदाच येते, एकूण पीक क्षेत्रात दोनदा. म्हणून भारताचं एकूण पीक क्षेत्र २१ कोटी हेक्टरांच्या पुढे जातं. तक्त्यात यातला कुठला आकडा घेतलाय ते पाहिलं नाही तर देशात अचानक सात कोटी हेक्टर शेती जास्त दिसू लागते.

आता जंगलाकडे येऊ, कारण माझा खरा जीव त्यात अडकलाय. आमचं फोंडा तालुक्यात लहानसं कुळागर आहे. पोफळी, मध्येमध्ये माड, पोफळींवर चढलेल्या मिरीच्या वेली, खाली केळी आणि अननस, कडेने वाहता पाट. आजोबांनी लावलेलं. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्याच्या, उताऱ्यावर ते बागायत आहे. सुपारीचे पैसे येतात, मजुरी जाते, माकडं नुकसान करतात. म्हणजे सर्वार्थाने शेतीच.

उपग्रहाला मात्र उतारा वाचता येत नाही. वन सर्वेक्षणाची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, त्यावर झाडांच्या शेंड्यांची सावली किमान दहा टक्के, की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, जमीन कशासाठी वापरतात, हे विचारायचं नाही. त्यामुळे कुळागरं, माडांची भाटं, काजूचे डोंगर, रबराचे मळे, सगळं हिरव्या रंगात. २०२१ च्या अहवालात गोव्याचं वनाच्छादन २,२४४ चौ. किमी, म्हणजे राज्याच्या ६० टक्क्यांहून जास्त. वनखात्याच्या दप्तरी नोंदलेलं जंगल साडेबाराशे चौ. किमीच्या आसपास. म्हणजे जवळपास हजार चौ. किमी झाडी तरी त्या दप्तराबाहेर आहे, आणि तिच्यात आमच्या पोफळीही असणार. गोव्यात लागवडीखालचं सर्वांत जास्त क्षेत्र काजूचं. ते झाडही पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलं. म्हणजे आपल्या हिरवळीत त्यांचाही थोडा वाटा धरावा लागेल.

अन्न व कृषी संघटनेची व्याख्या वेगळी. तुकडा अर्धा हेक्टर पुरे, झाडं पाच मीटर उंच होणारी, सावली दहा टक्के. पण फळबागा आणि शेतीसाठी लावलेली झाडं वगळायची. या चाळणीत आमचं कुळागर गळून पडतं.

आणि कोर्टाची तिसरीच. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, ते कायद्याच्या दृष्टीनेही जंगल, मालक कोणीही असो. मग गोव्यात 'खाजगी वन' ठरवायचं कसं? निकष असे लागले: झाडांपैकी ७५ टक्के रानटी जातींची हवीत, सावली ४० टक्क्यांहून कमी नको आणि सरकारी जंगलाला लागून नसलेला तुकडा किमान पाच हेक्टरांचा हवा. हे निकष सैल करून जास्त जमीन संरक्षणाखाली आणावी म्हणून पर्यावरणवाले वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आहेत तेच कायम ठेवले. सावली दहा टक्के की चाळीस टक्के हा प्रश्न कागदावर किरकोळ दिसतो, पण डोंगर कापता येईल की नाही ते त्यावर ठरतं.

आता पोर्तुगाल. तिथल्या राष्ट्रीय वन सर्वेक्षणाने २०१५ च्या स्थितीवरून मुख्य भूमीची वाटणी अशी केली: जंगल ३६ टक्के, झुडपं आणि कुरणं ३१ टक्के, शेती २४ टक्के, बाकी वस्ती, पाणी वगैरे. पण त्यांचीच कृषी गणना म्हणते की देशाच्या ४३ टक्के जमिनीवर शेती आहे. २४ की ४३? भाच्याचा गोंधळ नेमका इथेच झाला होता.

उत्तर दक्षिणेकडच्या आलेंतेजो प्रांतात आहे. तिथे बुचाच्या ओकांची राई असते, तिला 'मोंतादो' म्हणतात. (आपल्याकडे पांढरी सुवासिक फुलं देणारं बुचाचं झाड निराळं, या ओकाशी त्याचं नातं नाही.) विरळ झाडं, त्यांच्यामध्ये गवत. नऊ वर्षांतून एकदा खोडाची साल कुऱ्हाडीने अलगद सोलायची, झाड न मारता. जगातलं निम्मं बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो. त्याच ओकांखाली मेंढ्या आणि गुरं चरतात, काळी डुकरं ओकाची फळं खातात. वनवाला वर बघतो आणि 'जंगल' लिहितो. कृषी गणनेवाला खाली बघतो आणि 'कुरण' लिहितो. जमीन एकच, ती दोन्ही वह्यांत चढते. दोन वह्यांतले टक्के एका तक्त्यात शेजारी मांडून बेरीज केली तर देश शंभराच्या पुढे जाणारच!

आपल्या कृषी खात्याच्या वहीपुरतं तरी असं दुहेरी मोजणं होत नाही, कारण तिच्या जुन्या वर्गवारीत प्रत्येक तुकड्याला नऊ खणांपैकी एकाच खणात बसवतात: वन, बिगरशेती, नापीक, कायम कुरण, किरकोळ झाडोरा, लागवडीलायक पडीक, जुनी पड, चालू पड आणि पेरलेली. तुलनेच्या दृष्टीने यातलं 'कायम कुरण' सगळ्यांत फसवं. देशात ते जेमतेम एक कोटी हेक्टर आहे आणि २०१९ च्या पशुगणनेत गाई-बैलच १९ कोटींच्या वर. मग ती चरतात कुठे? कापलेल्या शेतात, पडीत, रानात, सड्यावर, आणि पर्वरीच्या महामार्गाच्या मधोमध. ते गवत कुठल्याच खणात कुरण म्हणून येत नाही.

सड्याबद्दल तर मला जरा रागच आहे. जांभ्या दगडाचे हे सपाट माथे कागदावर बहुधा नापीक किंवा पडीक ठरतात. पावसाळ्यात तिथे गवत आणि रानफुलं कशी उगवतात ते ज्याने पाहिलंय, आणि खालच्या गावांच्या झऱ्यांना पाणी कुठून येतं हे ज्याला माहीत आहे, तो त्या जागेला ओसाड म्हणणार नाही. पण खणाचं नाव 'नापीक' असलं की प्रकल्पाची जागा शोधणाऱ्याची बोटं आधी तिथेच वळतात.

उलट काही हिरवं फक्त नावाला हिरवं असतं. पोर्तुगालच्या जंगलात आज पहिला नंबर निलगिरीचा: साधारण साडेआठ लाख हेक्टर, जंगलाच्या चौथ्या भागाहून थोडं जास्त, दोन गोवे भरून वर उरेल एवढं. हे झाड ऑस्ट्रेलियाचं, लावतात कागदाच्या लगद्यासाठी. भराभर वाढतं आणि तेलकट असल्याने भराभर पेटतं. जून २०१७ मध्ये पेद्रोगांव ग्रांद भागातल्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यातली बरीचशी रस्त्यावर गाड्यांत अडकलेली. त्या एका वर्षात देशात पाच लाखांहून जास्त हेक्टर जमीन जळाली. गोव्याचं सगळं क्षेत्रफळ पावणेचार लाख हेक्टरांच्या आत आहे. आपल्याकडे डिचोली-सांगे पट्ट्यात खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर अकेशिया लावलाय, तोही ऑस्ट्रेलियाचाच. उपग्रहातून दोन्ही गोष्टी म्हादईच्या रानासारख्याच हिरव्या दिसतात.

मालकीत तर दोन देश दोन टोकांना. भारतात दप्तरी जंगल बहुतांश सरकारचं. पोर्तुगालात सरकारी जंगल जेमतेम तीन टक्के, बाकी बहुतेक खाजगी. त्यातही उत्तरेकडे वाटण्या होऊन होऊन रुमालाएवढे तुकडे उरलेत, मालक फ्रान्सला नाहीतर ब्राझीलला, आणि कित्येक तुकड्यांचा मालक कोण हेच कागदावर नाही. वणवा लागू नये म्हणून झुडपं साफ कोणी करायची? एक-चौदावर आजोबांचं नाव, त्यांचे सोळा वारस, त्यातले पाच परदेशात, हे चित्र ज्याने घरी पाहिलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

सरासरीचं सांगायचं तर पोर्तुगालात एका शेतकऱ्याची जमीन १३.७ हेक्टर आणि भारतात १.०८ हेक्टर (२०१५-१६ ची कृषी गणना). पण ही सरासरी म्हणजे उत्तरेतल्या मिन्होच्या वीतभर मळ्यांची आणि दक्षिणेतल्या आलेंतेजोच्या अफाट जमीनदारीची खिचडी आहे. १९७४ च्या क्रांतीनंतर आलेंतेजोतल्या मजुरांनी त्या इस्टेटी ताब्यात घेतल्या होत्या. पुढे बऱ्याचशा मूळ मालकांना परत गेल्या. साधारण त्याच सुमारास, १९७६ मध्ये, इथे कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला मालक मानलं. दोन्हीकडे वाद अजून निवलेला नाही.

आता खाजनाबद्दल, कारण त्याला तर कुठलाच खण पुरत नाही. गोव्यात साधारण अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे, नदीकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा सखल. पूर्वजांनी बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून सोडवली. बांधाला मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत उघडतात. पावसाळ्यात आत खारट जमिनीला टिकणारं कोरगुट भात. पीक निघालं की तिथेच खारं पाणी घेऊन सुंगटं (कोळंबी), मासे. मग ही कोरडी जमीन की पाणवठा? शेती की मत्स्यपालन? उपग्रहाचं चित्र कुठल्या महिन्यात काढलंय त्यावर अवलंबून.

आणि बांध फुटला तर? पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची सामुदायिक संस्था, तो लगेच बांधायची. आता भातात पैसा नाही, मजूर नाही, पोरं बाहेर. खारं पाणी आत येतं आणि चारपाच वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. कृषी खात्याच्या वर्गवारीत ती जमीन आधी चालू पड होते, मग जुनी पड, पाच वर्षं उलटली की लागवडीलायक पडीक. आणि वन सर्वेक्षण खारफुटीला वनाच्छादनात धरतं. म्हणजे एका वहीत ते शेत मेलेलं असतं आणि दुसरीत त्याच जागी जंगल वाढल्याचा आनंद. पोर्तुगालच्या आतल्या भागात गावं ओस पडून शेतात झुडपं माजतात, ती मात्र 'झुडपं आणि कुरणं' या ३१ टक्क्यांत जातात. शेत सोडून जाण्याची गोष्ट तीच, एकीकडे ती जंगलात जमा होते, दुसरीकडे होत नाही.

समुद्राचं एका ओळीत: जमिनीने भारत पस्तीसपट, पण बेटांच्या जिवावर पोर्तुगालचा हक्काचा सागरी पट्टा सतरा लाख चौ. किमी भरतो आणि आपला वीस लाखांच्या थोडा पुढे. तिथे दोघे जवळजवळ बरोबरीला.

विसर्जनाच्या दिवशी माटोळी उतरवताना भाच्याने शेवटचं विचारलं, "मग आपलं कुळागर उचलून लिस्बनच्या बाजूला नेऊन ठेवलं तर?"

तर ते शेती ठरेल. कायमच्या पिकांच्या रकान्यात, ऑलिव्हच्या शेजारी. आणि त्यांचं मोंतादो फोंड्याला आणलं तर दहा टक्के सावलीच्या जोरावर वन सर्वेक्षणाच्या नकाशात हिरवं होईल, पण चाळीस टक्क्यांच्या अटीमुळे खाजगी वन म्हणून त्यातलं बरंचसं टिकणार नाही. म्हणजे उपग्रहासाठी जंगल आणि बिल्डरसाठी मोकळा प्लॉट. बहीण आतून म्हणाली, "त्या डुकरांचं काय करणार ते आधी ठरवा."